एक माणूस, एक पाकीट

ताईच्या हाताला वजन कळायचं. कपाटं सुटी करून खोक्यात भरायची आणि घेणाऱ्यानं ती घरी नेऊन घाम गाळत जोडायची, अशा फर्निचरच्या कारखान्यात ती पॅकिंगला होती. फळ्या भरणारे वेगळे. ताईच्या टेबलावर यायचे ते स्क्रू, बिजागऱ्या, लाकडी खुंट्या आणि कपाट जोडायची ती एक वाकडी चावी. सगळं एका प्लॅस्टिकच्या पाकिटात घालायचं, तोंड दाबून बंद करायचं आणि काट्यावर ठेवायचं. पण काटा नंतर, ताईचा तळहात आधी. "यात एक खुंटी कमी आहे," असं ती म्हणाली की काट्यालाही तिचंच म्हणणं मान्य करावं लागे. नव्या मुलींना ती एकच मंत्र द्यायची: एक कपाट, एक पाकीट. जे पाकिटात पडलं नाही ते राहिलंच म्हणून समजा, आणि मग बसा त्या गिऱ्हाइकाच्या शिव्या खात.

असं माणूस कारखान्यात सोन्यासारखं असतं, घरात मात्र जरा जड जातं. घरात दोघीच होत्या. आई गेल्यावर ताईनं धाकट्या बहिणीला वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं; वाढवायचं थांबायचं कधी, हे मात्र तिला कुणी सांगितलं नाही. बहीण चाळिशी ओलांडून गेली तरी छोटीच राहिली. छोटीला थंडी वाजते की नाही हे ताई ठरवणार. दुकानदारानं छोटीला काही विचारलं तर उत्तर ताईकडून यायचं. आणि गंमत म्हणजे, घरात जिला तोंड उघडायला फट मिळत नव्हती, तिचा आवाज अख्खं बसस्थानक कान देऊन ऐकायचं. छोटी तिथं अनाउन्सर होती. काचेच्या केबिनमध्ये बसून कोणती गाडी कोणत्या फलाटावरून सुटणार ते सांगायची. स्वच्छ आवाज, कसली घाई नाही. गर्दीत आईचा हात सुटलेलं पोर रडायचं थांबून वर भोंग्याकडे बघत राही. ताईला त्या आवाजाचा फार अभिमान होता. तो तिनं छोटीला कधी बोलून दाखवला नाही, एवढंच.

छोटीला थायरॉईड निघालं तेव्हा ताईनं ते प्रकरण ताबडतोब आपल्या हातात घेतलं. रोज एक लहानशी पांढरी गोळी, जन्मभर. डॉक्टरीणबाई शांत होत्या, मोजकं बोलायच्या. गोळी सुरू झाली आणि छोटी सुधारलीसुद्धा. इथंच थांबलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण त्या घरातल्या बायकांचे गुडघे पन्नाशीला बोलायला लागतात, आईचे लागले होते, ताईचे लागले होते. म्हणून ताईनं किराणा घेताना छोटीसाठी मांडणीवरची कॅल्शियमच्या गोळ्यांची बाटली उचलली. पाव घ्यावा तशी उचलली. ते काय औषध होतं थोडंच? ते ताकदीचं. औषध म्हणजे जे डॉक्टर लिहून देतात ते, आणि हे म्हणजे जे आपण आपल्या अकलेनं घेतो ते, असा ताईच्या डोक्यात सरळ हिशेब होता.

आता गोळ्या दोन झाल्या. दोन गोळ्या दोन वेळांना म्हणजे विसरायला दोन संधी. ताईनं कारखान्यातून छपाई बिघडलेली, टाकून द्यायची पाकिटं आणली आणि आठवड्याची तयारी करून टाकली: दिवसाला एक पाकीट, त्यात त्या दिवसाच्या सगळ्या गोळ्या. सकाळी उठल्या उठल्या छोटीच्या उशाशी पाण्याचा पेला आणि पाकीट. "एक माणूस, एक पाकीट," ताई म्हणायची, आणि छोटी झोपेतच तळहात पुढे करायची.

काही महिन्यांत छोटी मंदावली. आधी कुणाला कळलंही नाही, तिलाही नाही. सकाळी उठवेना. सगळे पंख्याखाली बसले असताना ही स्वेटर घालून. चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला, केस कंगव्यात यायला लागले, जिना चढताना मधल्या वळणावर ती टेकू लागली. ताईनं निदान केलं: रक्त कमी झालं असणार. लगेच लोहाच्या गोळ्या आल्या, त्याही मांडणीवरच्याच, आणि रोजच्या पाकिटात तिसरी गोळी पडली. जखम मांडीला आणि मलम शेंडीला म्हणतात, ते असं. पण ताईला कोण सांगणार? तिचं पाकीट तर भरत चाललं होतं, आणि भरलेलं पाकीट म्हणजे काम चोख, हे तिच्या हाडात मुरलेलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि भुवया वर केल्या.

"गोळी रोज घेता ना?"

"एक दिवस चुकलेला नाही," ताई म्हणाली. विचारलं होतं छोटीला.

"सकाळी उपाशीपोटी?"

"उठल्या उठल्या. चहाचा घोटसुद्धा नसतो पोटात."

"बाकी कुठलं औषध चालू आहे का?"

छोटीनं तोंड उघडलं होतं. ते ताईला नंतर नंतर फार स्पष्ट आठवायचं, की छोटीचे ओठ विलग झाले होते आणि ती श्वास घेत होती, केबिनमध्ये माइकसमोर घ्यायची तसा. तेवढ्यात ताई म्हणाली, "छे, बाकी काही नाही."

तिन्ही उत्तरं देताना ताईच्या मनात खोट नव्हती. डॉक्टरीणबाईंनी डोस वाढवला. पुढच्या खेपेला पुन्हा तेच तीन प्रश्न, तीच तीन उत्तरं, आणि डोस आणखी वाढला. औषध चढत होतं आणि छोटी उतरत होती.

मग आवाज गेला. एकदम नाही गेला. आधी जाड झाला, मग घोगरा, मग शब्द एकमेकांच्या पायात अडखळायला लागले. फलाटाचा आकडा सांगायला छोटीला क्षणभर थांबावं लागे आणि तेवढ्यात माणसं चुकीच्या गाडीकडे धावत. स्थानकप्रमुख भला माणूस होता. त्यानं बरीच वाट पाहिली आणि मग तिला केबिनमधून उचलून सामानघरात बसवलं. तिथं बोलायचं काम नव्हतं. बॅग घ्यायची, बिल्ला द्यायचा. केबिनमध्ये दुसरी बाई आली.

आता या सगळ्या काळात ताई काय करत होती, ते सांगायलाच हवं, कारण पुढे तिला रात्रंदिवस तेच टोचत राहिलं. ती बहिणीला बोलत होती. दुष्टपणानं नाही. ताईच्या मते ती बहिणीला हलवत होती, जशी टेबलावर पेंगणाऱ्या मुलींना हलवायची तशी. "राणीसरकार, उजाडलं!" "अगं, आळसाला औषध नसतं, असतं तर तेही घातलं असतं पाकिटात!" आणि हे घरातल्या घरात नव्हे. कामावर निघताना ताई जिन्यात उभी राहून वर आवाज द्यायची, आणि तळमजल्यावर दारात शिवणयंत्र मांडून बसलेल्या काकू हसायच्या. मग ताईला आणखी चेव यायचा. "काकू, आमच्याकडे एक कुंभकर्णाची मावसबहीण राहते, बघायला या कधी!" काकूंनी तो विनोद समोरच्या न्हाव्याला सांगितला, न्हाव्यानं आणखी कुणाला. छोटी त्या सगळ्यांच्या समोरून खाली मान घालून जायची. एकदा ती म्हणाली, "ताई, मला खरंच उठवत नाही गं." ताई म्हणाली, "मनावर घेतलं की सगळं होतं." त्यानंतर छोटीनं तो विषय काढला नाही. ती आळशी आहे हे तिला स्वतःलाच पटलं.

उलगडा झाला तो कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत. ताई टेबलाच्या कोपऱ्यावर पुढच्या आठवड्याची पाकिटं भरत बसली होती. शेजारच्या टेबलावर एक बाई होती, तिला सगळे बिजागरी म्हणायचे. एक तर तिचं काम बिजागऱ्या मोजायचं, आणि दुसरं, तिचं तोंड दिवसभर उघडझाप करत असायचं. ती डोकावली.

"ही थायरॉईडची ना? आमच्या सासूबाईंची हीच. आणि ही?"

"कॅल्शियम. आणि ते लोह."

"तिन्ही एकदम?"

"मग? एकदाच काय ते उरकलं."

बिजागरीची उघडझाप थांबली. "अहो ताई, चालत नाही ते. आमच्या औषधाच्या दुकानातला माणूस दर वेळी बजावतो. थायरॉईडची गोळी एकटी, नुसत्या पाण्याबरोबर. कॅल्शियम आणि लोह चार तास तरी लांब. नाहीतर ती गोळी अंगी लागतच नाही म्हणे."

ताई हसली. "काहीतरीच," असं म्हणाली. पण संध्याकाळी बसस्टॉपऐवजी तिचे पाय औषधाच्या दुकानाकडे वळले, आणि तिथं तिनं "आमच्या ओळखीच्या एका बाईंचं" म्हणून विचारलं. काउंटरवरच्या माणसानं तेच सांगितलं आणि वर म्हणाला, "त्यांना डॉक्टरांना भेटायला सांगा बरं का."

घरी येताना ताईला सगळी पाकिटं एकामागून एक आठवत गेली. तिनं स्वतःच्या हातानं भरलेली, दाबून बंद केलेली, न चुकता उशाशी ठेवलेली. एखाद्या विसराळू बाईच्या घरात छोटी बरी राहिली असती. मधूनमधून कॅल्शियम विसरलं असतं आणि गोळी अंगी लागली असती. ताई विसरली नाही, हाच घात झाला. फुटपाथवर उभ्या उभ्या तिला रडू आलं आणि तिनं ते आवरलं, कारण समोरून न्हावी येत होता.

त्या संध्याकाळी सांगून टाकता आलं असतं. छोटी स्वेटर घालून भाजी निवडत बसली होती. ताई दोनदा "छोटे" म्हणाली. छोटीनं दोन्हीदा वर बघितलं. "काही नाही, बारीक चीर," ताई म्हणाली. सांगायचं म्हणजे फक्त गोळीचं नव्हतं ना सांगायचं. केबिनचं सांगायचं, जिन्यातल्या विनोदांचं सांगायचं. एवढं सगळं ताईच्या तोंडाला पेलवेना. त्यापेक्षा चूक सुधारून टाकावी, छोटी बरी झाली की मग सांगू, किंवा मग सांगायची गरजच काय, असं तिनं मनाशी ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून पाकिटं दोन झाली: सकाळचं एका गोळीचं, आणि जेवणानंतरचं दोन गोळ्यांचं.

"आता दोन का?" छोटीनं विचारलं.

"पोटाला बरं असतं," ताई म्हणाली. आधीचं 'बाकी काही नाही' हे अज्ञान होतं. हे मात्र खोटं होतं, आणि ते ताईला ठाऊक होतं.

आणि छोटी सुधारली की! काही आठवड्यांत स्वेटर खुंटीवर गेला. चेहऱ्याची सूज ओसरली. एके दिवशी ताई उठायच्या आधी छोटीनं चहा ठेवला होता आणि ती खिडकीशी उभी राहून बारीक आवाजात कुठल्यातरी गाड्यांची नावं घेत होती. घोगरेपणा जवळजवळ गेला होता. ताई अंथरुणातच पडून ऐकत राहिली. देणं फिटलं, असं तिला वाटलं.

पण सुधारणा थांबायला तयार नव्हती. छोटी पहाटेच जागी व्हायला लागली. जेवण दुप्पट आणि अंगावर काही दिसेना. कपबशी हातात खुळखुळायची. जराशा आवाजानं दचकायची, एकदा दूध उतू गेलं तर रडली आणि मग ताईवर ओरडली, जे जन्मात केलं नव्हतं. ताईला हे खुपत होतं, पण ती म्हणे, अंगात जीव आला की माणूस ओरडतंच. चोराच्या मनात चांदणं असतं. ताईच्या मनात इतकं लख्ख होतं की तिनं डोळेच मिटून घेतले.

मग एका दुपारी सामानघरातून कारखान्यात फोन आला. छोटी बॅग उचलता उचलता खाली बसली होती, छातीत धडधड थांबेना, घामानं भिजली होती. तिला इस्पितळात नेलं होतं. ताई अॅप्रनवरच धावली.

तपासणीच्या खोलीत छोटी पलंगावर होती, छातीला तारा लावलेल्या, शेजारी यंत्रावर रेघ नुसती पळत होती. तरुण डॉक्टर रिपोर्ट आणि गोळीची पट्टी एकत्र धरून बघत होता.

"थायरॉईड फार वर गेलंय. हा डोस तुम्हाला जास्त होतोय. पण कित्येक महिने हाच चालू आहे म्हणता. मग मध्ये काही बदललं का? काही नवीन घेताय, किंवा काही बंद केलंत?"

"नाही," छोटी म्हणाली. या खेपेला ती आधी बोलली. आणि तिच्यापुरतं ते खरं होतं.

डॉक्टरनं मान हलवली आणि तो वळला. ताई दाराशी उभी होती. गप्प राहिली असती तर कुणाला कळणार नव्हतं. डोस कमी झाला असता, छोटी बरी झाली असती, ताई ताईच राहिली असती. तिनं यंत्रावरची ती पळणारी रेघ बघितली.

"बदललंय," ती म्हणाली. "मी बदललंय."

आणि तिनं सांगितलं, दारातच उभं राहून. कॅल्शियम, मग लोह, तिन्ही एका पाकिटात. बाकी काही नाही असं डॉक्टरीणबाईंना सांगितलं ते. बिजागरीनं सांगितलं ते. मग गुपचूप दोन पाकिटं केली ते. बोलताना ती डॉक्टरकडेच बघत होती. पलंगाकडे बघायची तिची छाती झाली नाही.

डॉक्टर ओरडला नाही. ओरडला असता तर ताईला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "कॅल्शियम आणि लोह त्या गोळीला पोटातच धरून ठेवतात, रक्तात उतरू देत नाहीत. म्हणून डोस वाढत गेला. अंतर ठेवलंत ते बरोबरच केलंत, पण ते कुणाला सांगितलं नाहीत. अडवणारं बाजूला झालं आणि वाढवलेला सगळा डोस पूर्ण ताकदीनं लागला. वेळीच आलात. या वयात हृदयाला हे फार दिवस झेपत नाही." मग लिहिता लिहिता म्हणाला, "दुकानात मांडणीवर मिळतं तेही सांगायचं असतं. सगळं."

छोटीनं मान भिंतीकडे वळवली. घरी येताना रस्त्याकडे. डॉक्टरीणबाईंनी डोस खाली आणला आणि कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मीही एकेक नाव घेऊन विचारायला हवं होतं." छोटीचा हात स्थिर झाला, झोप परत आली. गोळ्या आता तिच्या तिच्या कपाटात होत्या आणि ताईनं त्या कपाटाकडे बघायचंसुद्धा सोडलं होतं. दोघी जेवत, दिवा मालवत, "मीठ दे" म्हणत. ताई भांडणाची वाट बघत होती. भांडण झालं असतं तर निदान त्याला शेवट तरी असता. कारखान्यात तिचा तळहात चुकायला लागला. पाकीट हातावर ठेवून ती तशीच उभी राही आणि मग मुकाट्यानं काट्यावर ठेवी. मुली एकमेकींकडे बघत.

केबिन काही परत मिळाली नाही. स्थानकप्रमुखानं छोटीचा आवाज ऐकला, खूश झाला आणि म्हणाला, तिथली बाई आता कायम झाली आहे, तिला कसं उठवणार? छोटीनं घरी येऊन हे एका वाक्यात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी छोटी निघाली. जिन्याच्या तोंडाशी थांबली. खाली काकूंचं मशीन चालू होतं.

"ताई."

ताई हातातलं टाकून बाहेर आली.

"म्हणजे मी आळशी नव्हते," छोटी म्हणाली.

 केबिनचं, छातीच्या धडधडीचं, खोटं बोलल्याचं, सगळ्याचं उत्तर ताईनं मनात घोकून ठेवलं होतं. याचं नव्हतं. छोटीनं वर्षभर रोज सकाळी स्वतःला आळशी म्हणत अंग ओढत नेलं होतं, आणि तिला तेच सगळ्यात जड गेलं होतं.

"नव्हतीस," ताई पुटपुटली.

"नीट, पूर्ण म्हण."

"तू आळशी नव्हतीस, छोटे."

"मोठ्यानं. खाली मशीनपर्यंत. 'आळशी' म्हणायचीस तेव्हा तिथपर्यंत जात होतं ना?"

ताईनं कठडा धरला. "छोटी आळशी नव्हती," ती म्हणाली, पण मध्येच आवाज फाटला.

"शब्द तोडू नकोस," छोटी म्हणाली, नव्या मुलीला माइकसमोर बसवून शिकवावं तसं. "आधी श्वास घे. मग बोल."

ताईनं श्वास घेतला. "छोटी आळशी नव्हती! ती आजारी होती. तिला मी आजारी ठेवलं होतं."

खाली मशीन थांबलं. छोटी पिशवी खांद्याला लावून जिना उतरायला लागली.